नांग्या भरणारी पोरगी

कॉलेजात संशोधन करणाऱ्या माणसांबद्दल मला काडीचाही आदर नाही, आणि हे मी लांबून बघून म्हणत नाही. अठ्ठावीस वर्षं मी त्यांच्या काचेच्या नळ्या धुतल्या. वनस्पतिशास्त्र विभागात लॅब अटेंडंट होतो, अलीकडेच निवृत्त झालो. बारावीला सायन्स घेतलं होतं, रसायनशास्त्रात आपटलो आणि मग जन्मभर शिकलेल्यांच्या मागे फडकं घेऊन फिरलो. विभागप्रमुख पाच पाहिले. पाचही जणांना एकच गोष्ट उत्तम जमायची, झालेलं काम आपल्या नावावर घ्यायचं आणि झालेली चूक खालच्या माणसाच्या गळ्यात बांधायची.

त्यातला पाचवा सगळ्यांवर कडी करणारा होता. तो स्वतःला डॉक्टरसाहेब म्हणवून घ्यायचा. तोंडावर मी 'अहो साहेब' करायचो, मनात मात्र कायम एकेरीत असायचो, आणि आता कागदावरही एकेरीत यायला हरकत नाही. अकरा वर्षं हा माणूस टोमॅटोचं एकच वाण कुरवाळत बसला होता. म्हणे खाऱ्या पाण्यावरही ते जगतं. जगतं की मरतं हे बघायला ग्रीनहाउसमध्ये जावं लागतं आणि ग्रीनहाउसमध्ये घाम येतो. घाम आला की त्याच्या केसांचा काळा रंग कानामागून कॉलरवर उतरायचा. म्हणून हा आपला पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकायचा.

एका वर्षी त्याला कुठल्याशा संस्थेचा निधी मिळाला. त्या निधीची एक अट होती, पदवीच्या वर्गातल्या मुलांना संशोधनात सामील करून घ्यायचं. अट आली म्हणजे मुलं आली, म्हणून त्याने तीन नावं लिहून टाकली. पहिला डोळ्यांच्या डॉक्टरांचा मुलगा. तो ग्रीनहाउसमध्ये अकरा मिनिटं उभा राहिला, मी घड्याळात बघत होतो. मग मला धुळीचा त्रास होतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. दुसरी मुलगी कुंड्यांजवळ बसून फोटो काढण्यापुरती आली. तिसरी उरली ती ही.

दुसऱ्या वर्षाला होती. बारीक चण, चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला, आणि काहीही करायच्या आधी 'चालेल ना?' असं विचारायची खोड. पोरं तिला 'कुंडी' म्हणायची. सारखी कुंड्यांत बसलेली असते म्हणून कुंडी, एवढाच त्यांचा विनोद, आणि त्यावर ती वर्षभर हसत होती. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला तिचाही रागच यायचा. इतकी नरम माणसं मला बघवत नाहीत. जो तो त्यांच्या पाठीवर पाय देऊन वर चढतो आणि ही वर विचारणार, लागलं तर नाही ना.

तिचे आईवडील हमरस्त्याच्या कडेला एका नर्सरीत कामाला होते. वडील पिशव्यांत माती भरायचे, आई रोपं सांभाळायची. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं आणि दहावीपर्यंतसुद्धा एखादाच पोचलेला. संशोधन म्हणजे काय हे तिने घरी सांगायचा प्रयत्न केला तेव्हा वडील म्हणाले, "कुंड्यांना पाणी घालायला कॉलेजात कशाला जायला पाहिजे? इथे काय कमी कुंड्या आहेत?" हे तिनेच मला हसत हसत सांगितलं. मला वाटलं, त्या अख्ख्या विभागाबद्दल इतकं अचूक आजवर कोणी बोललेलं नाही.

आई एकदा बघायला आली होती. चप्पल दाराबाहेर काढून आत आली, जशी काही देवळात शिरते आहे. साहेबाच्या त्या नावाजलेल्या रोपांपाशी वाकली, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि मला म्हणाली, दादा, माती घट्ट आहे, थोडी वाळू मिसळा. दुसऱ्या दिवशी मी वाळू मिसळली आणि आठवड्यात रोपांची पानं तकतकीत झाली. अकरा वर्षांत डॉक्टरसाहेबाच्या डोक्यात हे आलं नव्हतं.

आता या पोरीचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. दरवर्षी दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाला सुट्टीचे दोन महिने एका मोठ्या संशोधन संस्थेत काम करायला मिळायचं. राहणं-खाणं त्यांचं. तिथे ज्याने चांगलं काम केलं त्याला पुढे एम.एस्सी.ला तिथेच घ्यायचे. त्यासाठी विभागप्रमुखाचं शिफारसपत्र लागायचं, आणि पत्र एकालाच. इकडे नर्सरीच्या मालकाने तिच्या वडिलांना सांगून ठेवलं होतं, पोरगी लिहिण्या-वाचण्यात चांगली आहे, काउंटरवर बसवतो. वडिलांना ते पटलं होतं. पत्र मिळालं तर शीक, नाही मिळालं तर काउंटर, असं त्यांनी तिला सरळ सांगितलं होतं. ते काही दुष्ट नव्हते. त्यांच्या दृष्टीने हा सौदा फार उदार होता.

प्रयोग सोपा होता. एकशे वीस कुंड्या, तीस-तीसच्या चार रांगा. पहिल्या रांगेला साधं पाणी आणि पुढच्या तिन्ही रांगांना चढत्या क्रमाने खारं. दर आठवड्याला रोपांची उंची मोजायची आणि तक्त्यात भरायची. मागच्या बाजूला त्याच बियांची, त्याच वयाची जास्तीची रोपं ट्रेमध्ये साध्या पाण्यावर ठेवलेली होती, सुरुवातीला एखादं मोडलं तर असावं म्हणून. पहिल्याच आठवड्यात साहेब नाकाला रुमाल लावून दारापर्यंत आला आणि म्हणाला की एकही कुंडी रिकामी दिसता कामा नये, पाहुणे कधीही येतात. एवढं मार्गदर्शन करून तो परत पंख्याखाली गेला.

नर्सरीत वाढलेल्या पोरीला या वाक्याचा एकच अर्थ कळणार. रोप मेलं की रांगेत रिकामी जागा पडते. तिथे दुसरं जिवंत रोप लावायचं, याला नांग्या भरणं म्हणतात. शेतात हे एकदोनदा करतात, नर्सरीत रोज सकाळी करावं लागतं, गिऱ्हाईक यायच्या आत. मेलेलं रोप दिसलं की गिऱ्हाईक शेजारचं जिवंत रोपही घेत नाही. सात वर्षांची असताना तिच्या हातून एक वाळलेलं रोप राहून गेलं होतं म्हणून आईने तिच्या पाठीत धपाटा घातला होता. अशी पोरगी मेलेलं रोप कुंडीत राहू देईल कशाला?

ती रोज सकाळी सातला यायची. खाऱ्या पाण्याने जे रोप मान टाकायचं ते उपटायची, मागच्या ट्रेमधलं एक अलगद काढून तिथे लावायची, माती दाबायची आणि कुंडी पुसून ठेवायची. काम इतकं सफाईने करायची की कळायचंही नाही. तिसऱ्या आठवड्यात मी एकदा लवकर आलो तेव्हा ती ओंजळभर मेलेली रोपं घेऊन उभी होती. मला म्हणाली, "काका, ही कुठे टाकू? चालेल ना मागच्या खड्ड्यात?"

मला त्याच क्षणी सगळं कळलं. बारावी नापास असलो तरी अठ्ठावीस वर्षं मी डोळे मिटून काढलेली नाहीत. खाऱ्या पाण्याच्या प्रयोगात मेलेलं रोप हेच तर उत्तर, ते उपटणं म्हणजे उत्तरपत्रिका फाडणं. एक शब्द बोललो असतो तर तिथेच विषय संपला असता. मी म्हटलं, चालेल की, टाक. वर ट्रे जड होता म्हणून तिला उचलून दिला.

का? कारण मला साहेबाची फजिती बघायची होती. तो चार लोकांसमोर तोंडावर आपटावा, त्या तक्त्यांसकट, त्या रंगवलेल्या केसांसकट, एवढी एकच इच्छा उरली होती. पोरीचं काय होईल हा विचार आला नाही असं नाही. आला, आणि मी तो झटकला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्याला आपण काय करणार, असं स्वतःला सांगून मी नळ्या धुवायला गेलो.

सातव्या आठवड्यात साहेबाने तक्ते बघितले आणि त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. सगळ्यात खाऱ्या रांगेत तीसपैकी तीस रोपं जिवंत, आणि उंची साध्या पाण्यावरच्या रोपांच्या बरोबरीची. डोकं ठिकाणावर असलेल्या कोणालाही इथे शंका आली असती. पण आपल्याला हवं तेच समोर आलं की शिकलेला माणूस अडाण्याहून लवकर फसतो. त्याने अहवाल पाठवला, निधी देणाऱ्या संस्थेची समिती पाहणीला बोलावली, ग्रीनहाउसच्या दारावर वाणाचं नाव लिहिलेला फलक लावला. त्या नावात त्याचं आडनाव होतं.

त्याने पोरीला केबिनमध्ये बोलावून पहिल्यांदाच खुर्ची दिली. सही केलेलं शिफारसपत्र दाखवलं आणि समिती येऊन गेली की देतो म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलं. ती धावतच ग्रीनहाउसमध्ये आली, पालथ्या बादलीवर बसली आणि रडायला लागली. घरी अजून सांगितलेलं नाही, काका, पहिलं तुम्हालाच सांगते आहे, असं म्हणाली. मी म्हटलं, छान झालं. आणि फडकं घेऊन टेबल पुसायला लागलो.

समितीला दाखवायला तिने स्वतः चार पानं लिहायची होती. कशी लिहितात ते कळावं म्हणून साहेबाने तिला एक जुना प्रबंध वाचायला दिला. दुसऱ्याच दिवशी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हातात तो प्रबंध उघडा होता आणि बोट एका तक्त्यावर होतं. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं, मृत रोपांची संख्या.

"काका," ती म्हणाली, "मेलेली मोजायची असतात?"

मी म्हटलं, असतात. मग इकडेतिकडे बघून म्हटलं, पण आता मोजून काय करतेस, पत्र घे आणि सूट इथून. या लोकांनी जन्मात एक खरा आकडा लिहिलेला नाही, तुझ्या चार रोपांनी जग बुडत नाही. हे मी तिच्या भल्यासाठी बोललो असं मला तेव्हा वाटलं होतं.

तिने स्वतःची वही उघडली. मागच्या पानांवर रेघा मारलेल्या होत्या. नर्सरीत संध्याकाळी मालक विचारतो आज किती गेली, त्यामुळे आई रोज मेलेल्या रोपांच्या रेघा ओढते, आणि आईचं बघून हिलाही ती सवय. कुठल्या रांगेत कुठल्या दिवशी किती, सगळं होतं. शेवटच्या रांगेत कुंड्या तीस आणि मेलेली रोपं एकेचाळीस, कारण बदलून लावलेलीही पुन्हा मेली होती. मला हसू फुटलं. ती हसली नाही.

ती तशीच साहेबाकडे गेली. आत काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. आधी त्याला कळेचना. कळलं तेव्हा त्याने उठून दार लावलं. मग म्हणाला की रोपं लावताना मुळं दुखावली असतील, त्याने मेली असतील, त्याचा खाऱ्या पाण्याशी काय संबंध? मग म्हणाला, अहवाल गेला आहे, आता मागे वळता येत नाही. शेवटी ड्रॉवरमधलं पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, तुझे वडील काय करतात गं? याला माहीत होतं ते काय करतात. लाच कशी द्यायची याचीही काही रीत असते, तीसुद्धा या माणसाला धड येत नव्हती. पत्राला हात न लावता ती बाहेर आली.

समिती आली तेव्हा तिघे जण होते. दोघे दारातूनच वा वा करून घाम पुसायला लागले. तिसऱ्या एक वयस्क बाई होत्या. त्या सरळ शेवटच्या रांगेपाशी गेल्या आणि एका कुंडीत त्यांनी बोट खुपसलं. ग्रीनहाउसमध्ये आलेल्या सगळ्या मोठ्या माणसांत कुंडीत बोट घालणारी ही पहिली. मग पोरीकडे वळून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "किती गेली यातली?"

साहेब म्हणाला, जवळजवळ नाहीच, मॅडम, तीच तर आपल्या वाणाची कमाल आहे.

"एकेचाळीस," पोरगी म्हणाली. "मी रोज सकाळी बदलत होते. तशीच ठेवायची असतात हे मला माहीत नव्हतं. सगळं इथे लिहिलं आहे." तिने वही पुढे धरली. बोलताना तिने एकदाही 'चालेल ना' म्हटलं नाही.

मग साहेबाने तोंड उघडलं. ही मुलं कुठून कुठून येतात, घरी शिक्षणाचा गंध नाही, आपण दया दाखवून संधी द्यावी तर पाठीमागे हे उद्योग, मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, असं सगळं तो बोलला. रिकामी कुंडी दिसता कामा नये, हे वाक्य त्याला आठवत नव्हतं. केबिनचं लावून घेतलेलं दारही आठवत नव्हतं. घामाने केसांचा रंग ओघळून त्याच्या पांढऱ्या कॉलरवर एक काळी रेघ आली होती. ज्या तमाशाची मी महिनाभर वाट बघत होतो तो हाच.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तर इथे रोज असता. तुम्हाला दिसलं नाही?"

पोरीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत विनवणी वगैरे काही नव्हती. तिला फक्त खात्री होती की मी आता सांगणार. ती मला विचारून करत होती, साहेबाने दारात उभं राहून काय सांगितलं ते मी ऐकलं होतं, ट्रे मी उचलून दिला होता. एवढं बोललो असतो तर दोष तिघांत वाटला गेला असता आणि तिच्या वाट्याला सगळ्यात कमी आला असता. माझी नोकरी गेली नसती. फार तर साहेबाने दोन वर्षं छळलं असतं, आणि तो तसाही छळतच होता.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "माझं लक्ष नव्हतं."

समितीने चार ओळींचा निर्णय लिहिला. विद्यार्थिनीच्या अज्ञानामुळे नोंदी सदोष, प्रकल्पप्रमुखांना आणखी सहा महिन्यांची मुदत. त्या बाईंनी वेगळं मत लिहिलं असं ऐकलं, पण दोन विरुद्ध एक. शिफारसपत्र नव्याने टाइप झालं, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मुलाच्या नावाने. एकूण अकरा मिनिटांचा अनुभव. आणि पोरीला प्रकल्पातून काढल्याचा कागद मीच तिच्या वर्गात नेऊन दिला, कारण कागद पोचवणं हे माझं काम.

चौथ्या दिवशी ती ग्रीनहाउसची किल्ली परत करायला आली. कोणी सांगितलेलं नसताना आधी एकशे वीस कुंड्या धुतल्या आणि उपड्या घालून ठेवल्या. मी बियांच्या कपाटाशी काहीतरी करत असल्याचं दाखवत होतो. तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, सोमवारपासून काउंटरवर बसते आहे, कॉलेज सोडत नाही, परीक्षेपुरती येईन.

मी म्हटलं, साहेब हलकट आहे, त्याला एक दिवस कळेल. मग मी म्हटलं, ती समिती म्हणजे तर नुसती बुजगावणी. ती म्हणाली, "काका, तुम्ही असं का म्हणालात? तुमचं तर सगळ्यांवर लक्ष असतं."

अठ्ठावीस वर्षं ज्या जिभेने मी एकेकाची पिसं काढली ती टाळूला चिकटून बसली. ती चिडली असती तर बरं झालं असतं, पण तिला खरोखरच उत्तर हवं होतं. मला स्वतःची शिसारी आली. त्या रंगवलेल्या केसांच्या माणसाला निदान एका वाणाचा तरी लोभ होता. मी कशासाठी खोटं बोललो ते मला आजही धड सांगता येत नाही.

मग तिने दुसरंच विचारलं. त्या वाणाच्या साठेक बिया मिळतील का? नर्सरीच्या मागे फुटक्या कुंड्या पडलेल्या असतात, त्यात लावीन, दोनच रांगा, एक साध्या पाण्याची, एक खाऱ्या. मालक ओरडेल, पण मेलेली तशीच ठेवीन. मी घाईघाईने कपाट उघडलं आणि साठ मागितल्या तर मूठभर बिया कागदात बांधून तिच्या हातात कोंबल्या. सुटलो, असं वाटलं मला.

ती तिथेच उभी राहिली. "रजिस्टरमध्ये लिहा ना," म्हणाली. "मी नेल्या म्हणून."

"जा गं घेऊन," मी म्हटलं. "कोण बघतंय इथे?"

"तुम्ही बघताय ना, काका."

मी रजिस्टर ओढलं, तारीख घातली, पुडी सोडून बिया मोजल्या, साठच्या वरच्या परत बरणीत टाकल्या आणि तिचं नाव लिहिलं. तिने सही केली, पुडी वहीत ठेवली आणि गेली. तिच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही.